ढगांखालचं खाजन
"पावसाळ्यात उपग्रहाचा उपयोग शून्य, नुसते ढग दिसतात" असं कुणीतरी लिहिलंय, ते सेंटिनेल-2 या कॅमेऱ्याने फोटो काढणाऱ्या उपग्रहापुरतं खरं. जून लागला की गोव्यातल्या आमच्या चोडण बेटाचं एक धड चित्र मिळत नाही. पण सेंटिनेल-1 हा उपग्रह रडारवर चालतो, त्याला ढगांची अडचण नाही, आणि त्याचीही चित्रं फुकट मिळतात. साचलेलं पाणी त्यात काळंभोर दिसतं.

घोळ पुढे आहे. दोन वर्षांमागे आमच्या खाजनाच्या (म्हणजे नदीचं खारं पाणी बांधाने अडवून केलेल्या शेताच्या) बांधाला भगदाड पडलं, नदीचं पाणी शेतात शिरलं. मी हौसेने रडारचं चित्र काढलं, तर शेजारची नुकती लावणी झालेली शेतंही तितकीच काळी! पाणी खारं की गोडं, हे त्यात कळत नाही. फरक दिसला तो महिन्याभराने. भात वाढलं तशी शेजारची शेतं उजळत गेली, आमचं काळंच राहिलं. (आमचं कोरगूट जातीचं भात खाऱ्याला दाद देत नाही, पण आठवडाभर बुडून कुजलं.) तेव्हा एका चित्रावर जाऊ नका, तीन-चार तारखा ओळीने लावून बघा. मानशीची (बांधातल्या पाण्याच्या दाराची) फळी गळतेय का, हे मात्र चित्राच्या 10 मीटरच्या ठिपक्यात दिसणार नाही. त्यासाठी बाबा अजून भरतीच्या वेळी आतल्या पाण्यात बोट बुडवून चाखतात.