ग्रुप टूर: सहल की सहा-सात-आठची कवायत?

कंबरतलाव:
मागच्या मे महिन्यात आई-बाबा, बायको आणि आठ वर्षांची पोरगी, असे आम्ही पाच जण शिमला-मनालीला ग्रुप टूरनं जाऊन आलो. कंपनीचं नाव लिहीत नाही. भांडण कंपनीशी नाही, या प्रकाराशी आहे. येत्या मेमध्ये कुठं जायचं यावरून घरात दोन पार्ट्या पडल्यात. आईला परत ग्रुप टूरच हवी. माझं म्हणणं, सोलापूरच्या माणसानं त्या वाटेला जाऊच नये.

जाहिरातीतले आठ दिवस मुंबई ते मुंबई असतात. आपले दहा होतात. आमचं विमान पहाटे पावणेसहाचं होतं आणि सोलापूरहून सुटणारी सिद्धेश्वर एक्सप्रेस मुंबईत पोचते सकाळी साडेसहाच्या सुमाराला. मग एक दिवस आधी निघा, अंधेरीत लॉज शोधा. येतानाही विमान उशिरा उतरलं, तोवर सिद्धेश्वर निघून गेलेली. परत मुक्काम. वरचे चौदा हजार गेले आणि बुकिंग करताना यातलं कोणी अवाक्षर काढलं नव्हतं.

तिथं गेल्यावर सहा-सात-आठ. सहाला उठायचं, सातला नाश्ता, आठला बसमध्ये. सुट्टी घेऊन परत शाळेत बसल्यासारखं.

आणि ते मनालीजवळच्या सोलंगचं. वाटेवर बर्फाचे कपडे भाड्यानं देणारी दुकानं आहेत, प्रत्येकाला नंबर. आमच्या बसचा नंबर आधीच ठरलेला. सूट आतून ओलसर, आधीच्याचा घाम वाळायच्या आत आमच्या अंगावर. बाबांना मिळालेले दोन्ही बूट डाव्या पायाचे निघाले. बदलून घ्यायला गेलो तर "साहब, बस छूट जाएगी". फोटोत बाबा दोन डाव्या बुटांवर उभे राहून हसतायत.

खरी चीड पुढं आहे. पोरगी आली होती कालका-शिमल्याच्या छोट्या गाडीसाठी. ९६ किलोमीटर, १०२ बोगदे, १९०३ पासून चालू आहे, युनेस्कोच्या यादीत आहे. आम्हाला चंदीगडहून बसनं नेलं. तारादेवीजवळ खिडकीतून ती गाडी लांबून दिसली, तेवढंच. अहो, आपल्या स्टेशनवरून कर्नाटक एक्सप्रेस थेट दिल्लीला जाते. दिल्लीहून कालका, पुढं ती छोटी गाडी. मधे मुंबईचं काय काम?

बाळीवेस:
साफ असहमत. तुम्ही पाच जणांचं घर घेऊन गेला होतात. मी एकटी जाते.

आमचे हे तीस वर्षांत पंढरपूरच्या पुढं गेलेले नाहीत. ठणठणीत आहेत, पण "घरात काय कमी आहे" म्हणतात. मी निवृत्त झाले त्या वर्षी एकटीनं काश्मीरचं बुकिंग केलं. एकटीची खोली घेतली तर बरेच जादा पैसे पडतात, म्हणून ट्रिपल शेअरिंग. एक बाई करमाळ्याच्या, एक नाशिकच्या. नाशिकच्या घोरायच्या, करमाळ्याच्या पहाटे जपाला बसायच्या. आता वर्षातून एकदा आम्ही तिघी कुठंतरी जातोच.

सहाला उठवलं म्हणून तुम्हाला त्रास झाला. मी सदतीस वर्षं साडेचारला उठले. डबे, पाणी, सकाळची शाळा. श्रीनगरला पहिल्या दिवशी सहाला दार वाजलं, पोरानं चहा आणून ठेवला. मी तो रजईत बसून प्यायले, उरलेला कपात तसाच ठेवला आणि कप विसळला नाही. त्या चहाचेच पैसे मी भरले होते असं समजा.

गुलमर्गच्या गंडोलाचं, म्हणजे रोपवेचं, तिकीट आधी ऑनलाइन काढावं लागतं, दोन टप्प्यांचं वेगवेगळं. ते सगळं मी कधी केलं असतं? वरचा टप्पा त्या दिवशी वाऱ्यामुळं बंद झाला. तुम्ही स्वतः गेला असता तर पैसे परत मागायला तुम्हीच रांगेत. आमच्या वतीनं रांगेत टूर लीडर उभा होता, आम्ही कहवा पीत होतो.

पार्कमैदान:
काश्मीरला जाऊन पण शेवटच्या दिवशी पुरणपोळीच देतात की बे. हितंच खावा, मी करून घालतो.

सातरस्ता:
सहा वर्षं टूर मॅनेजर होतो, आता घरचं टॉवेलचं दुकान बघतो. दोन्ही बाजूंना थोडं थोडं बोलणार, रागावू नका.

त्या दुकानाच्या नंबरात वाटा असतो. ड्रायव्हरचा, गाइडचा, कधी मॅनेजरचाही. मी पण घेतलाय, खोटं कशाला बोलू. काश्मीरला केशराचं दुकान, राजस्थानला रजयांचं, सगळीकडं तेच. पण दोन डावे बूट म्हणजे मॅनेजर झोपला होता. बस सुटत नसते हो, मॅनेजर आत बसल्याशिवाय ड्रायव्हर गाडी हलवत नाही.

सहा-सात-आठ मात्र उगीच नाही. चाळीस माणसं, त्यातली चार कायम उशिरा. मनालीच्या रस्त्यावर मेमध्ये नऊ वाजता निघालात तर निम्मा दिवस बसच्या काचेतून समोरच्या बसचा नंबर वाचत बसायचं.

बुकिंगला जाल तेव्हा हॉटेलचं नाव विचारा आणि तिथंच बसून नकाशावर बघा. कागदावर "मनाली" लिहिलेलं असतं, हॉटेल निघतं बारा-पंधरा किलोमीटर अलीकडं. संध्याकाळी मॉल रोडवर पायी जायचं स्वप्न तिथंच संपलं. मनालीच्या वरच्या रोहतांग खिंडीचं तसंच. तिथं दिवसाला १२०० गाड्यांनाच परवाना, ८०० पेट्रोल आणि ४०० डिझेल. मंगळवारी बंद. मेमध्ये बर्फ हटवून रस्ता कधी खुला होईल ते बर्फावर. म्हणून छापील कार्यक्रमात "स्नो पॉइंट" असं मोघम लिहितात. २०२० मध्ये अटल बोगदा झाला, नऊ किलोमीटरचा, तेव्हापासून रोहतांग नाही जमलं की बोगद्यातून पलीकडच्या सिस्सू गावाला नेऊन आणतात. ते वाईट नाही, मला तर जास्त आवडतं. फक्त आधी सांगावं.

कंबरतलाव, तुमच्या कर्नाटक एक्सप्रेसबद्दल एक. रिझर्व्हेशन आता ६० दिवस आधी उघडतं, पूर्वी १२० होतं. मेची पाच तिकिटं, त्यात दोन लोअर बर्थ, मार्चमध्ये सकाळी आठला बोट टेकवून बसावं लागेल.

पूर्वभाग:
तुमच्या दोघांच्या भांडणात तिसरं कोणी बोलतच नाही. आमच्या गल्लीतून दर दोन वर्षांनी बस निघते. श्रीशैलम, तिरुपती, कांचीपुरम, रामेश्वरम, कन्याकुमारी. बस ठरवायची, आचारी बरोबर घ्यायचा, सिलिंडर आणि भांडी डिकीत. गल्लीतून बसतो, गल्लीत उतरतो. हिशेब एका वहीत असतो, शेवटी उरलेले पैसे वाटून परत. सकाळी कधी उठायचं यावर मात्र तेलुगूत आणि मराठीत मिळून दोनदा भांडण होतं, ते गृहीत धरायचं. हिमाचलला हे जमणार नाही, लांब पडतं, हे मान्य.

बाळीवेस:
त्या बसमध्ये गल्लीबाहेरची एकटी बाई चालते का?

पूर्वभाग:
काकू, सीट असली तर चालते. पण आचाऱ्याला भाजी चिरायला बायकाच मदत करतात.

बाळीवेस:
मग राहू द्या.

कंबरतलाव:
सातरस्ता, हॉटेलचं नाव विचारायचं माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आमचं पतलीकुहलकडं होतं, आता कळलं का ते.

बाळीवेस काकू, तुमच्या चहाला माझ्याकडं उत्तर नाही. रात्री हे सगळं आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "तुझ्या प्लॅनमध्ये दिल्लीच्या स्टेशनवर पाच जणांचं जेवण कोण बघणार?" बायको काही बोलली नाही, पण तिनं ज्या नजरेनं बघितलं ते लिहिण्यासारखं नाही. बाबांना विचारलं. त्यांना टूर आवडली होती म्हणे. बसमधले सांगलीचे एक गृहस्थ अजून रोज सकाळी त्यांना सुविचार पाठवतात आणि बाबा त्यांना उत्तरादाखल दुसरा सुविचार पाठवतात.

तरी पण ती छोटी गाडी मी सोडणार नाही. कालक्यापर्यंत आणि शिमल्यात तीन दिवस आपलं आपण, पोळीभाजी विकतची, कोणाला डबा नाही. पुढं मनालीला आई-बाबांनी हवं तर तिथून पुढची टूर धरावी. सातरस्ता, मधेच शिमल्याहून जॉइन होता येतं का?

सातरस्ता:
येतं. विमानाशिवायचा दर मागा, तोंडानं नाही, लेखी. आणि बाबांचा बुटाचा नंबर आधीच सांगून ठेवा.

बाळीवेस:
त्या छोट्या गाडीच्या तारखा ठरल्या की इथं लिहा. करमाळ्याच्या बाईंना विचारते. पोळीभाजी विकतची म्हणालात म्हणून.

कंबरतलाव:
नक्की काकू. काकांचं पण तिकीट धरू का?

बाळीवेस:
नको.