मदत हवी आहे: जुन्या स्नोमोबिलच्या प्रदर्शनात परीक्षण न्याय्य कसं व्हावं?

नमस्कार मंडळी,

विषय इथे नवखा वाटेल. पण या संस्थळावर जुन्या बुलेट आणि लँब्रेटा जपणारे आहेत, स्पर्धांचं परीक्षण केलेलेही आहेत, म्हणून इथेच विचारतो आहे. लिहिणं लांबलंय, कृपया शेवटपर्यंत वाचा.

मी उत्तर मिनेसोटात राहतो. इथे वर्षातले चार-पाच महिने बर्फ असतो आणि बर्फावर चालणारी स्नोमोबिल म्हणजे आपल्याकडच्या खेड्यातली मोटरसायकल. तिचा इतिहासही याच भागातला. पोलॅरिस कंपनीची पहिली यंत्रं १९५०च्या दशकात आमच्याच राज्यातल्या रोझो गावात बनली, आर्क्टिक कॅट थीफ रिव्हर फॉल्समधली. सीमेपलीकडे क्वेबेकमध्ये व्हालकूरला जोसेफ-आर्मां बोंबार्डिए यांनी १९५९ साली स्की-डू बाजारात आणली. माझ्याकडे आहे ती स्की-डू एलान, १९७४ची. एक सिलिंडर, टू-स्ट्रोक रोटॅक्स इंजिन, दोरी ओढून सुरू करायची.

ही माझी नाही खरं तर. शेजारच्या शेतातल्या आजोबांची. (समोर मी त्यांना नावानेच हाक मारतो, इथे आजोबा म्हणतो.) त्यांनी ती नवी घेतली होती. आजी हिवाळ्यात तिच्यावरून टपाल आणायला जायच्या. आजी गेल्या, आणि गाडी गवताच्या कोठारात ताडपत्रीखाली राहिली. तीन वर्षांपूर्वी त्यांनी ती मला दिली. अट एकच, रंग द्यायचा नाही. पुढच्या पिवळ्या हुडवर (म्हणजे इंजिनावरच्या झाकणावर) उजव्या बाजूला लांब ओरखडा आहे, तो आजींच्या हातून कुंपणाच्या तारेला घासून पडलेला. तो तसाच राहू द्यायचा.

मी अट पाळली. दोन हिवाळे लागले. कार्ब्युरेटर उघडून साफ केला, त्याचे पडदे बदलले, इग्निशनचे पॉइंट घासले, पेट्रोलच्या नळ्या नव्या टाकल्या, कारण जुन्या हातात तुटत होत्या. सीटचं कव्हर एका शिवणीवर उसवलेलं होतं, ते त्याच भोकांतून सुई घालून शिवलं. खाली फिरणारा रबरी पट्टा, पुढच्या स्की, हँडल, पुढची काच, स्टिकर, सगळं कारखान्यातून आलं तेच. काच पिवळी पडली आहे, ती तशीच आहे.

या फेब्रुवारीत जवळच्या एका क्लबच्या प्रदर्शनात ‘ओरिजिनल’ गटात नाव दिलं. गट तीन होते: ओरिजिनल, रिस्टोअर केलेल्या (म्हणजे रंगवून-दुरुस्त करून पुन्हा नव्यासारख्या केलेल्या), आणि बदल केलेल्या. आजोबा स्वतः आले, उणे १५ सेल्सिअसमध्ये दोन तास गाडीशेजारी उभे राहिले. दोन परीक्षक आले, दोन-तीन मिनिटं बघितलं, हुड उघडायला सांगितलं नाही. जाताना एकजण म्हणाले, “हिला रंग दिला असता तर बक्षीस होतं.” आजोबांनी ते ऐकलं. काही बोलले नाहीत, फक्त हातमोजा काढून त्या ओरखड्यावरून बोट फिरवलं.

पहिलं बक्षीस आमच्याच गटातल्या दुसऱ्या एलानला मिळालं. दिसायला सुंदर होती, मालकाची मेहनत मी नाकारत नाही. पण रंग ताजा होता, रिव्हेटच्या डोक्यांवरही चढलेला. बक्षीस समारंभानंतर मालकांनी कौतुकाने हुड उघडून दाखवलं तेव्हा आत मिकुनी कंपनीचा कार्ब्युरेटर. या वर्षांच्या एलानवर कारखान्यातून टिलॉट्सनचा यायचा. तो जुळवायला कटकटीचा, म्हणून बरेच लोक काढून मिकुनी बसवतात, आणि चालवण्यासाठी ते शहाणपणाचंच आहे. पण मग ती ओरिजिनल कशी? रिस्टोअरच्या गटात ती पहिली आली असती तर सगळ्यांत आधी मी टाळ्या वाजवल्या असत्या.

मी शांतपणे गुण विचारले. उत्तर मिळालं, “गुण लिहून ठेवत नाही, अनुभवावरून ठरवतो.” नंतर कॉफी घेताना कळलं की विजेत्या गाडीचे बरेच सुटे भाग त्या दोघांपैकीच एका परीक्षकाने विकलेले होते.

मी कोणावर लबाडीचा आरोप करत नाही आणि हे मनापासून सांगतो. या छंदात माणसं मोजकी आहेत. ज्याला जुन्या गाड्यांची खरी माहिती, त्याच्याकडेच जुने भाग, आणि त्याच्याकडूनच सगळे विकत घेतात. मीसुद्धा पेट्रोलच्या टाकीचं झाकण अशाच एका गृहस्थांकडून घेतलं. जो जाणकार त्याचे हितसंबंध असणारच, आणि ज्याचे नाहीत त्याला टिलॉट्सन आणि मिकुनीतला फरक कळत नाही. माझी अडचण नेमकी इथे आहे.

परीक्षकांची बाजूही समजून घ्यायला हवी. १९७०च्या सुमारास उत्तर अमेरिकेत स्नोमोबिल बनवणाऱ्या शंभराहून जास्त कंपन्या होत्या. रप, स्कॉर्पियन, स्नो-जेट, मोटो-स्की, अगदी जॉन डीअरसुद्धा. पुढे बहुतेक बंद पडल्या किंवा या धंद्यातून बाहेर गेल्या. एवढ्या सगळ्यांचा मूळ रंग, मूळ नट-बोल्ट कोणाच्या लक्षात राहणार? एलानचं तर आणखी अवघड. ती १९७१पासून १९९६पर्यंत फारसा ढाचा न बदलता बनत राहिली, त्यामुळे एका वर्षाचा भाग दुसऱ्या वर्षाच्या गाडीवर सहज बसतो. बघणाऱ्याला पत्ताही लागत नाही.

मी क्लबच्या अध्यक्षांना पत्र लिहिलं. निकाल बदला असं म्हटलं नाही, पुढच्या वर्षी पद्धत बदलता येईल का एवढंच विचारलं. त्यांचं उत्तर आलं: “तूच मसुदा लिही, ऑगस्टच्या बैठकीत मांडू.” आता मी अडकलोय.

माझ्या डोक्यात असं आहे की प्रत्येक गाडीसाठी छापील कागद असावा, हुड उघडणं सक्तीचं असावं, आणि मूळपणाचे गुण वेगळे, अवस्थेचे वेगळे धरावेत. मालकाने त्या वर्षाचं पार्ट्स बुक किंवा विक्रेत्याचं जुनं माहितीपत्रक आणलं तर परीक्षकाने ते बघावं. पण गंज लागलेली अस्सल गाडी आणि चकचकीत अर्धी-अस्सल गाडी यांचं तोलमाप कसं करायचं? पट्टा, नळ्या, स्पार्क प्लग हे झिजणारे भाग बदलले तर गुण कापावेत का? आणि हितसंबंधांचा नियम कसा लिहावा, म्हणजे दोन-तीनच जाणकार असलेल्या क्लबमध्ये तो पाळता येईल आणि कोणाचा अपमानही होणार नाही? याच माणसांबरोबर मला पुढची वीस वर्षं बर्फावर फिरायचं आहे.

जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

मी पेनसिल्व्हेनियात असतो, जुन्या मोटारींच्या मेळ्यांना जातो, थोडं परीक्षणही शिकलोय. तुम्हाला शून्यातून सुरुवात करायची गरज नाही. अँटिक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिकेची पद्धत बघा. तिथे गाडी ४०० गुणांपासून सुरू होते आणि दोष दिसेल तसे गुण कापत जातात. कसोटी एकच: कारखान्यातून आली तेव्हा ती कशी होती. त्यापेक्षा जास्त चकाकी आणली तर त्याचे जादा गुण नाहीत. परीक्षकांना आधी शिकवणीला बसावं लागतं, आणि एकच माणूस सगळी गाडी तपासत नाही. बाहेरचं एकाकडे, आतलं दुसऱ्याकडे, इंजिन तिसऱ्याकडे. हे तुमच्या हितसंबंधांच्या प्रश्नावरही थोडं औषध आहे, कारण एकाच्या हातात पूर्ण निकाल राहत नाही.

न रंगवलेल्या गाड्यांसाठी त्यांचा वेगळा वर्ग आहे, मूळ खुणा जपल्याबद्दलचा. तिथे या गाड्यांना रिस्टोअर केलेल्यांशी झुंजावं लागत नाही. तुमच्या ओरिजिनल गटाचा हेतूही तोच असणार, फक्त व्याख्या लिहिलेली नाही. “रंग कारखान्याचा नसेल तर हा गट नाही” एवढं एक वाक्य प्रवेशअर्जावर आलं तरी निम्मा वाद मिटेल.

कॉर्व्हेट या अमेरिकन स्पोर्ट्स मोटारी जपणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना मूळपणा आणि अवस्था यांचे गुण प्रत्येक भागासाठी वेगवेगळे देते, म्हणजे तुमचा विचार बरोबर दिशेने आहे. झिजणाऱ्या भागांबद्दल माझं मत: त्याच मापाचा, तसाच दिसणारा भाग असेल तर कापू नका. नळी जुनी ठेवून पेट्रोल गळायला लागलं तर त्या मूळपणाचा काय उपयोग?

प्रतिसाद २

स्नोमोबिल मी चित्रातच पाहिली आहे. पण पुण्यात महाविद्यालयीन एकांकिकांचं परीक्षण बरीच वर्षं केलंय. नाटकाचं जगही लहान. समोरच्या संघाचा दिग्दर्शक कधीतरी आपला विद्यार्थी असतोच. आम्ही एका स्पर्धेत असा नियम केला होता की नातं असेल तर आधी सांगायचं आणि त्या संघाला गुण द्यायचे नाहीत. उरलेल्या परीक्षकांची सरासरी धरायची. सगळ्यांनाच सांगावं लागतं, म्हणून कोणाला कमीपणा वाटत नाही. तुमच्या कागदावर पहिलाच रकाना ठेवा: “या गाडीला मी भाग विकले आहेत किंवा तिच्यावर काम केलं आहे.” खूण केली की कागद पुढच्याकडे. हाताशी तीन परीक्षक तरी हवेत, दोनात हे जमत नाही.

दुसरं असं की कारण सांगण्याची सवय लावा. २०२२ साली पुरुषोत्तम करंडक कोणालाच दिला गेला नाही, केवढी चर्चा झाली. पण भूमिका उघड होती, म्हणून तिच्याशी भांडता तरी आलं. “अनुभवावरून ठरवतो” या उत्तराशी भांडताही येत नाही.

आता एक अवघड प्रश्न, रागावू नका. नियम तुम्ही लिहिणार आणि पुढच्या वर्षी त्याच गटात तीच एलान उतरवणार का? ओरखडा, पिवळी काच, टिलॉट्सन, मसुद्यातली प्रत्येक गोष्ट तुमच्याच गाडीला सोयीची आहे, असं कोणी म्हणालं तर काय सांगाल?

धागाकर्ता

दोघांचेही मनापासून आभार. कॉर्व्हेटवाल्यांच्या पद्धतीवरून मसुदा पुन्हा मांडतो आहे. गाडी लहान, म्हणून पाचच विभाग ठेवले: हुड आणि रंग, सीट, इंजिन, पट्टा व खालची चाकं, आणि उरलेलं. प्रत्येक विभागात मूळपणाचे १२ आणि अवस्थेचे ८, एकूण १००. कापलेल्या गुणांपुढे दोन शब्दांत कारण, आणि कागदाची प्रत मालकाला. गटाची व्याख्या आणि हितसंबंधांचा रकाना तुम्ही सुचवला तसाच घेतला. इंजिन सुरू होण्याला गुण द्यावेत का, यावर अजून ठरत नाही. आमच्या थंडीत निरोगी इंजिनसुद्धा दहाव्या ओढीला लागतं. यावर कोणाचं मत असेल तर हवंच आहे.

शेवटचा प्रश्न वाचून दोन दिवस काही लिहिलं नाही. मी त्याचा विचारच केला नव्हता. मग आजोबांकडे गेलो आणि सांगितलं की नियम मी लिहिणार असेन तर निदान पुढची दोन वर्षं गाडी स्पर्धेत नको, नुसती प्रदर्शनात ठेवू, गळ्यात “परीक्षणासाठी नाही” अशी पाटी घालून. त्यांना वाईट वाटेल असं वाटलं होतं. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारलं, पाटी लावली तर गाडी जागेवर बांधून ठेवायची असते का, की मैदानावरून एक फेरी मारता येईल? मी म्हटलं, येईल की. मग म्हणाले, पाटी हुडच्या डाव्या बाजूला लाव, उजवी बाजू झाकू नकोस.