मांस खाणाऱ्याने शिकारीवर बोलू नये?

सांजवेळ

परवा इथे एकाने लिहिलं होतं, "ताटातलं मांस चालतं आणि हौशी शिकारी तेवढा खुनी? मांस खाणाऱ्यांनी शिकारीवर बोलूच नये." खाली धडाधड 'सहमत' पडले. तेव्हा गप्प बसले, पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून सविस्तर लिहिते.

मी मांस खाते आणि तरीही बोलणार. कत्तलखान्यात काम करणाऱ्याला जनावराच्या मरणात मौज वाटत नाही. वाटत असेल तर आपण त्याच्यापासून चार हात लांब राहू. जनावर कमीत कमी त्रासात मरावं यासाठी कायदे आहेत, ते पाळले गेले नाहीत की आपण भांडतो. हौशी शिकारीत मारणं हाच सोहळा असतो. पैसे त्याचेच मोजायचे आणि फोटोही त्याचाच काढायचा. 2015 साली झिंबाब्वेत ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर सेसिल हा सिंह मारला. ऑक्सफर्डचे संशोधक त्याचा अभ्यास करत होते, गळ्यात पट्टा होता. बाण लागल्यावर तो कित्येक तास जखमी अवस्थेत जिवंत होता. बाणच का? कारण बाणाने मारलं की कौतुक जास्त होतं.

जीव घेताना मिळणारा आनंद हे जीव घ्यायला पुरेसं कारण आहे का, एवढंच सांगा. माझं ताट चुकत असेल तर चुकत असेल. त्याने तुमची बंदूक बरोबर ठरत नाही.

रानोमाळ

तो प्रतिसाद माझाच. मागे घेत नाही.

मी राहतो तिथे रीतसर परवाना मिळतो, आधी परीक्षा द्यावी लागते. हंगामात एक हरीण. मी ते स्वतः सोलतो, घरी आणतो आणि पुढचे कित्येक महिने तेच खातो. ते शेवटच्या मिनिटापर्यंत मोकळ्या रानात जगलेलं असतं. तुमच्या ताटातल्या कोंबडीच्या सहा आठवड्यांच्या आयुष्यात तिला ऊन दिसत नाही. या दोघांपैकी कुणाचा जन्म तुम्हाला चालेल, ते आधी सांगा.

आता पैशाचं. नामिबियाने 1996 साली कायदा बदलून वन्यप्राण्यांवरचे हक्क स्थानिक समूहांना दिले. आज तिथे ऐंशीहून जास्त समूह आपापली जमीन राखतात आणि त्यांच्या उत्पन्नात शिकारीच्या परवान्यांचा वाटा मोठा आहे. पाकिस्तानात मारखोरच्या, म्हणजे पीळदार शिंगांच्या डोंगरी रानबोकडाच्या, परवान्याचे 80 टक्के पैसे तिथल्या गावांना मिळतात. तीच गावं आता मारखोरची राखण करतात, आणि 2015 साली तो संकटग्रस्त प्राण्यांच्या वर्गातून बाहेर आला. उलट केनियाने 1977 मध्ये शिकार बंद केली. पुढच्या चाळीसेक वर्षांत तिथले वन्यप्राणी सरासरी 68 टक्क्यांनी घटले. भावना जपायच्या की प्राणी, हे तुमचं तुम्ही ठरवा.

सांजवेळ

केनियाचा आकडा अर्धाच सांगितलात. त्याच काळात तिथे शेळ्यामेंढ्या भरमसाट वाढल्या, वस्ती वाढली, कुंपणं आली, हेही तो आकडा ज्या अभ्यासातला आहे त्याच अभ्यासात आहे. आणि बंदीने प्राणी संपतात म्हणता तर भारताकडे बघा. 1972च्या कायद्याने शिकार थांबली आणि आज जगातले सर्वांत जास्त वाघ तिथेच आहेत. शिकार मोकाट होती तेव्हा काय झालं? भारतातले शेवटचे मानले जाणारे तीन चित्ते 1947 साली कोरिया संस्थानच्या (आजच्या छत्तीसगडमधल्या) महाराजांनी एका रात्रीत मारले. पोटासाठी मारले नव्हते.

मारखोरचं मान्य. मनाविरुद्ध, पण मान्य. फक्त तिथे राखण करणाऱ्याचं कौतुक करा, पैसे देऊन शिंगं घरी नेणाऱ्याचं नको. एखादी गोष्ट नाइलाजाने चालू देणं वेगळं आणि तिचा अभिमान बाळगणं वेगळं.

बांधावरून

तुमच्या दोघांच्या भांडणात आम्ही कुठे आहोत? रानडुकरांनी एका रात्रीत माझा उभा मका झोपवला. खातात थोडं, तुडवतात सगळं. चार महिन्यांची मेहनत सकाळी चिखलात दिसली. मी रात्र-रात्र मचाणावर जागलो, डबे बडवले, फटाके लावले. डुक्कर मारलं तर आम्ही क्रूर, आणि सिंहाच्या नावाने जगभर हळहळ. पिकाला नाव नसतं म्हणून कुणी रडत नाही.

सांजवेळ

दादा, तुमचं नुकसान मी कमी लेखत नाही. पण पीक वाचवायला मारणं हे हौसेने मारणं नव्हे. तुम्हाला पर्याय असता तर तुम्ही रात्रभर झोपला असता.

बांधावरून

हे तुम्ही म्हणता. परवान्याच्या कागदावर बसून निर्णय घेणाऱ्याला हा फरक दिसत नाही, दुःख तेच आहे. आणि खरं बोलायचं तर पहिलं डुक्कर पडलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. चांगलंच बरं वाटलं होतं. मग मी हौशी झालो का?

रानोमाळ

बघा! आनंदाला गुन्हा ठरवलं की हे असं होतं. माणसाच्या मनात काय चाललंय ते तपासत बसणार का? निकष कृतीचा हवा. सावजाला निसटायची संधी होती का, नेम स्वच्छ लागला का, मांस वाया गेलं का. सच्च्या शिकाऱ्याची आचारसंहिता हीच आहे. बांधलेल्या जनावरावर तो बार टाकत नाही.

सांजवेळ

बांधलेल्या जनावराची गोष्ट निघालीच आहे तर पूर्ण ऐका. 1902 साली मिसिसिपीत अमेरिकेचा तेव्हाचा अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याला शिकार मिळेना म्हणून वाटाड्याने अस्वल पकडून झाडाला बांधून ठेवलं. रूझवेल्टने गोळी घालायला नकार दिला. त्याची जगभर वाहवा झाली, त्यावरून टेडी बेअर आलं. पण त्या अस्वलाचं पुढे काय झालं? ते आधीच जखमी होतं, त्याला संपवायला रूझवेल्टनेच सांगितलं आणि ते सुरीने मारलं गेलं. ही तुमची आचारसंहिता. तिने शिकाऱ्याची अब्रू वाचली, अस्वल नाही.

टिटवी

मी पक्ष्यांची डॉक्टर आहे आणि मला या चर्चेत सगळ्यात जास्त चीड कशाची येत असेल तर 'नेम स्वच्छ लागला' या शब्दांची. गोळी आरपार गेली तरी शिशाचे बारीक कण मांसात पसरतात. शिकारी आतडी रानात टाकून जातो, ती गिधाडं खातात, गरुड खातात. माझ्याकडे असे पक्षी येतात. मान उचलता येत नाही, पंख लोंबतात, अन्न पोटात तसंच कुजतं. एक गरुड माझ्या हातात नऊ दिवस जगला. त्याच्यावर कुणीही नेम धरला नव्हता.

कॅलिफोर्नियाचे कॉन्डोर, म्हणजे तिकडची प्रचंड गिधाडं, 1982 साली 22 उरले होते. त्यांच्या मृत्यूचं आजही मोठं कारण शिसं आहे. म्हणून तिथे 2019 पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांवर पूर्ण बंदी आहे. तांब्याच्या गोळ्या मिळतात. वापरत का नाही?

रानोमाळ

मी तांब्याच्याच वापरतो, सहा वर्षं झाली. पण बाकीचे वापरत नाहीत, महाग पडतात म्हणून कुरकुरतात, हे खरं आहे. इथे तुमच्याशी वाद नाही. पिंजऱ्यात वाढवलेले सिंह कुंपणात सोडून मारण्याचा जो धंदा दक्षिण आफ्रिकेत चालतो, त्याचीही बाजू मी घेणार नाही. पण अमेरिकेत बंदुका-काडतुसांवर 10-11 टक्के कर आहे आणि 1937च्या कायद्याने तो पैसा वन्यजीवांसाठी जातो, हेही ध्यानात घ्या.

टिटवी

त्या करात नुसती नेमबाजी करणाऱ्यांचाही पैसा आहे. श्रेय एकट्या शिकाऱ्यांनी घेऊ नये.

डोहकाठी

मला एक प्रश्न पडलाय. मी गळ टाकतो. मासा धरतो, क्षणभर बघतो आणि परत पाण्यात सोडतो. गळाला उलटा काटा नाही, हात ओले करून धरतो. जीव घेत नाही. मग मी यात कुठे बसतो?

सांजवेळ

तुम्ही यात नाही. तुम्ही मारत नाही.

टिटवी

का नाही? उलट हे जास्त वाईट. रानोमाळ निदान हरीण खातात. तुम्ही एका जिवाच्या ओठात लोखंड रुतवता, त्याची झटापट अनुभवता आणि ती झाली की सोडून देता. त्यात झटापटीशिवाय दुसरं काहीच नाही. स्वित्झर्लंडमध्ये सोडण्याच्या इराद्याने मासा धरायला मनाई आहे, ती याच कारणाने.

डोहकाठी

माशाला आपल्यासारखी वेदना होते हे सिद्ध झालेलं नाही. त्याच्या मेंदूत वेदना जाणवायला लागणारा तो भागच नसतो, असं मानणारे शास्त्रज्ञ आहेत.

टिटवी

2003 साली लिन स्नेडन या शास्त्रज्ञ बाईंनी ट्राउट माशांच्या ओठांत आम्ल टोचून पाहिलं. मासे तळाच्या खड्यांवर ओठ घासत राहिले, त्यांनी बराच वेळ खाणं सोडलं. ही वेदना नसेल तर काय आहे ते तुम्ही सांगा.

रानोमाळ

विषय शिकारीचा होता, आपण माशाच्या ओठापर्यंत आलो. मूळ मुद्द्यावर या.

टिटवी

मूळ मुद्दा हाच आहे! सुखासाठी दुसऱ्याला त्रास द्यावा की नाही. केसाळ प्राणी असला की कळतं, खवले असले की कळत नाही.

डोहकाठी

ताई, जरा सबुरीने. तुम्ही मला ओळखत नाही. वडिलांचं बोलणं आजारपणात गेलं. शेवटची दोन वर्षं आम्ही दर रविवारी पाण्याकाठी बसायचो. ते गळ धरायचे, हात थरथरायचा. मासा लागला की त्यांच्या चेहऱ्यावर जे यायचं ते मला दुसरीकडे कुठेच दिसलं नाही. मासा सोडायचा हट्ट त्यांचाच. ते गेल्यावर मी एकटा जातो. मला तिथे कुणाचे हाल करायचे नसतात. झटापटीची मजा म्हणता, ते लागलं मला.

सांजवेळ

टिटवी, शब्द थोडे जास्त झाले.

टिटवी

वडिलांबद्दल वाईट वाटलं, ते मनापासून. लागलं असेल तर माफ करा. प्रश्न मात्र मागे घेत नाही. मला प्राणी बोलून सांगत नाहीत, माझं सगळं काम न बोलणाऱ्यांचं दुखणं ओळखण्याचं आहे. त्यामुळे 'सिद्ध झालेलं नाही' हे वाक्य मला ऐकवत नाही.

रानोमाळ

मीही एक सांगतो, इथे कधी सांगितलं नव्हतं. चार वर्षांपूर्वी माझा नेम चुकला. हरीण जायबंदी होऊन पळालं. रक्ताचा माग काढत सात तास चाललो, अंधार पडला, दुसऱ्या दिवशी पुन्हा गेलो. सापडलं नाही. त्या हंगामात परत बंदूक उचलली नाही. सांजवेळ, तुमचं सगळं पटलेलं नाही, परवाने बंद करा म्हणाल तर मी विरोधच करेन. पण 'मांस खाणाऱ्यांनी बोलू नये' हे वाक्य चुकीचं होतं. बोला.

सांजवेळ

पुढच्या हंगामात गेलात का?

रानोमाळ

गेलो.

टिटवी

डोहकाठी, शेवटचं विचारते. सोडलेला मासा पुढे जगतो हे तुम्हाला कसं कळतं?

डोहकाठी

कळत नाही. हातातून सुटला की शेपटी मारून खोल जातो, तेवढं दिसतं. पाणी गढूळ असलं तर तेही दिसत नाही. उन्हाळ्यात पाणी तापलं की जात नाही मी, तेव्हा ते लवकर मरतात हे माहीत आहे. म्हणजे काही तरी मला माहीत होतंच. या रविवारी जाईन, गळ नेणार नाही. त्यापुढच्या रविवारचं आत्ता सांगता येत नाही.