रेडिंगचा सिंह: देशी शिपायांची पाटी लावावी का?

घारापुरी: इंग्लंडमधल्या रेडिंगच्या स्टेशनातून बाहेर पडून थोडं चाललं की फोर्बरी गार्डन्स, आणि तिथे तो अवाढव्य ओतीव लोखंडाचा सिंह. 1886 सालचा, वजन 16 टन. रेडिंगमधल्या आपल्या प्रत्येक घरात त्याच्यापुढे काढलेला एक फोटो असतोच. चौथऱ्यावर 66व्या बर्कशायर पलटणीच्या 329 मृतांची नावं. त्यातले बहुतेक 27 जुलै 1880 रोजी कंदाहारजवळ मैवंदला पडले. अयूब खानाच्या अफगाण फौजेने इंग्रजांचा धुव्वा उडवला तो दिवस. पण त्या दिवशी इंग्रजांच्या बाजूचे साडेनऊशेच्या वर मेले, त्यात 66वीचे तीनशेही नव्हते. बाकीचे बहुतेक बॉम्बे ग्रेनेडियर्स, जेकब्ज रायफल्स वगैरे मुंबई लष्करातले देशी शिपाई. बाजूला छोटी पाटी लावा, असा अर्ज कौन्सिलला करतोय. सह्या हव्यात.

तिरकस: माझी नाही. हे पलटणीचं स्मारक आहे, लढाईचं नाही. आपल्या गावच्या वीरगळावर शेजारच्या गावचा गडी कोरलाय का कधी? इंडिया गेटवरही 1919च्या तिसऱ्या अफगाण युद्धातले आहेत, 1880चे नाहीत. आधी घरचं बघा.

कोकणकडा: त्या सिंहाची चाल चुकली म्हणून शिल्पकाराने जीव दिला म्हणे?

घारापुरी: थाप आहे. सायमंड्स 1929 पर्यंत जगला, घरची बिअरची कंपनीही सांभाळली.
तिरकस, शेजारचं गाव कसलं? एकाच सेनापतीखाली, एकाच रांगेत उभे होते. त्या पलटणीच्या बॉबी नावाच्या कुत्र्याला व्हिक्टोरिया राणीने स्वतः पदक घातलं; पेंढा भरलेला बॉबी आजही सॉल्झबरीच्या संग्रहालयात आहे. कुत्र्याचं नाव सगळ्यांना पाठ!

खडकीबाजार: बॉम्बे सॅपर्सची, म्हणजे आपल्या खडकीच्या इंजिनिअर पलटणीची, तुकडीही तिथे होती. तिचा लेफ्टनंट हेन 66वीच्या लोकांसोबत शेवटपर्यंत लढून मेला. पाटी हवीच, पण खडकीत. रेडिंगकरांच्या दारात कशाला हात पसरायचे?

सडेतोड: मला दोन्हीकडे नको. दुसऱ्याच्या मुलखात घुसले होते हे लोक. अफगाण त्या दिवशी आपल्या लोकांना हिंमत देणारी मलालाई गातात. आपण काय गाणार? पाटीवर लिहिणार काय, "परक्या राणीसाठी, पगारावर मेले"?

घारापुरी: चालेल की. फक्त वर पलटणींची नावं आणि तारीख घाला.

तिरकस: या मजकुरावर मात्र सही देतो.