चितमपल्ली सरांना तुम्ही भेटला होतात का? आठवणी लिहा

काल रात्री परत येताना घाटाच्या अलीकडे रस्त्यात मधोमध रातवा पक्षी बसला होता. हेडलाइटमध्ये डोळे निखाऱ्यासारखे लाल. ह्यांनी गाडी थांबवली, लेक विचारते आई ते काय गं, आणि नाव सांगताना माझाच गळा दाटून आला. हे नाव मला वनाधिकारी आणि निसर्गलेखक मारुती चितमपल्लींच्या पुस्तकातून मिळालं. आज ५ नोव्हेंबर, त्यांचा वाढदिवस. १८ जून २०२५ ला ते गेले, म्हणजे ते नसतानाचा हा पहिलाच पक्षी सप्ताह (५ ते १२ नोव्हेंबर).

मी आठवीत होते. व्याख्यान संपलं, सहीसाठी रांग. माझा नंबर आला तर त्यांनी विचारलं घराजवळ कुठला पक्षी दिसतो. मी म्हटलं कुंभारकावळा, आणि जीभच चावली, कारण वर्गात हेच नाव घेतलं तेव्हा सगळे हसले होते, भारद्वाज म्हण म्हणून. सर हसले नाहीत. हे नाव कोणाकडून ऐकलंस, आजी कुठल्या गावची, सगळं विचारून घेतलं. खिशातली छोटी वही काढली, माझी वही तशीच बाजूला, आणि आधी त्यांच्या वहीत लिहिलं. मग मला सही दिली. बारीक, सुटं अक्षर. वही अजून आहे.

तुम्हीपण लिहा, दोन ओळी असल्या तरी चालतील.

पूर्वभागवाली
२००६ चं मराठी साहित्य संमेलन, सोलापूर, सर अध्यक्ष. मी स्वयंसेवक होते, पाणी द्यायला. सर दोन हातांवरून गेले, नमस्कार केला, त्यांनीही केला, एवढीच भेट. पण सांगायचंय ते आजोबांचं. आजोबा आयुष्यभर मागावर बसलेले, घरात आम्ही तेलुगूच बोलतो. त्यांना मराठी वाचायला वेळ लागायचा तरी पेपरातलं अध्यक्षांचं भाषण दोन दिवस पुरवून वाचलं. आपल्यासारख्या तेलुगू घरातला मुलगा मराठीचा अध्यक्ष झाला म्हणून शेजारीपाजारी पेढे वाटले हो त्यांनी!! बाकी नंतर लिहिते, कुकर झाला

बांधावरचा
बाबा नवेगावबांधला (गोंदिया जिल्हा) वनमजूर होते. चितमपल्ली साहेब आणि गावचे माधवराव पाटील रात्र रात्र तळ्याकाठी बसायचे हे बाबांकडून इतक्यांदा ऐकलंय की मला वाटतं मीच तिथं होतो. साहेब मजुरांना गवताची नावं विचारत. बाबा शाळेत गेले नव्हते, त्यांना कोणी कधी काही विचारलंच नव्हतं. मी साहेबांना एकदाच पाहिलं, ते रिटायर झाल्यावर. बाबांना घेऊन गेलो होतो. दोघं म्हातारे बराच वेळ काही बोललेच नाहीत, नुसते हात धरून बसले. मग एकदम झाडांवर सुरू झाले ते थांबेचनात, शेवटची बस चुकली आमची

मालवणी_माणूस
आमच्याकडे भारद्वाजाला कुकुडकोंबा म्हणतात. सकाळी दिसला की दिवस चांगला जातो

रातवा पाहिलेली (धागाकर्ती)
@मालवणी_माणूस दिवस चांगला जातो हे आजीपण म्हणायची! सरांच्या पक्षिकोशात गावोगावची नावं दिलीत, बघा तुमचं सापडतं का.
@बांधावरचा बाबांना नमस्कार सांगा

बांधावरचा
बाबा नाहीत आता, ताई. ४ वर्षं झाली.

रातवा पाहिलेली (धागाकर्ती)
अरेरे. माफ करा दादा. त्यांनी सांगितलेली गवताची नावं तुम्हाला आठवत असतील तर प्लीज लिहून ठेवा कुठेतरी. खरंच.

निळी_छत्री
बगळ्या-करकोच्यांची एकत्र घरटी असतात त्याला सारंगागार, कावळ्यांच्या वसाहतीला काकागार, हे शब्द त्यांनीच दिले ना? मी शिक्षिका आहे, मुलांना चिंचेवरची घरटी दाखवताना हा शब्द सांगितला, आता पोरं झाडाखालून जाताना आवाज बारीक करतात. शब्द मिळाला की ती जागाच वेगळी होते. भेट नाही झाली कधी

गोंदियाकर
सारस कोणी बघितला का यंदा? आमच्याकडे धानाच्या बांधीत जोडी होती. सारस संपत चालले हो, शेतकऱ्यानं अंडी सांभाळली तरच टिकतील. विषयांतर झालं पण नवेगावबांध निघालं म्हणून

पूर्वभागवाली
आले परत. शेवटी शेवटी सर सोलापुरातच होते. जानेवारीत पद्मश्री जाहीर झाली तेव्हा ठरवलेलं आजोबांचा तो पेपर घेऊन दाखवायला जायचं. मग लेकाची दहावी, मग उन्हाळा, मग म्हटलं पाऊस पडू दे. माझ्या घरापासून रिक्षाने अर्धा तास. पेपर अजून तसाच पिशवीत आहे

निळी_छत्री
🙏 ताई, वाईट वाटून घेऊ नका. तो पेपर मात्र प्लास्टिकमध्ये ठेवा, कसर लागते

मालवणी_माणूस
पक्षिकोश काढला कपाटातून. बघतो

रातवा पाहिलेली (धागाकर्ती)
लेक आज परत चल म्हणतेय त्याच रस्त्याला. निघतोय आता. रात्रीचं कोणी जात असाल तर गाडी हळू चालवा, रातवा लवकर उठत नाही, डांबरावर बसलेला कळतच नाही, दगडच वाटतो.