भयकथासंग्रहाच्या चित्रपटातील फिकी कथा वगळून दाखवावी का?

तापीकाठ (भुसावळ):
आम्ही काही जण दर महिन्याला एकत्र चित्रपट पाहून त्यावर बोलतो. मागच्या वेळी २०२० चा ‘घोस्ट स्टोरीज’ पाहिला. झोया अख्तर, अनुराग कश्यप, दिबाकर बॅनर्जी आणि करण जोहर यांच्या चार कथांपैकी चर्चा झाली ती फक्त बॅनर्जींच्या कथेची. हालचाल केली किंवा तोंडातून शब्द काढला की जीव जातो, अशा गावात उरलेली ती दोन मुले आमच्या डोळ्यांपुढून जाईनात. शेवटच्या कथेपर्यंत मात्र निम्मी मंडळी उठून गेली होती. आता १९४५ चा ‘डेड ऑफ नाइट’ दाखवायचा आहे. त्यातली गोल्फ खेळणाऱ्या दोन मित्रांची विनोदी कथा वगळावी, असे काहींचे म्हणणे आहे. आपले मत सांगावे.

सातपुडा (चोपडा):
भाऊ, कृपया वगळू नका. अमेरिकेत हा चित्रपट प्रथम दाखवला, तेव्हा गोल्फची आणि नाताळच्या मेजवानीची अशा दोन कथा कापल्या होत्या. स्वप्नात पाहिलेलीच माणसे एका घरात प्रत्यक्ष भेटलेला वास्तुविशारद आणि त्याला आपापले अनुभव सांगणारी ती माणसे, ही या चित्रपटाची चौकट आहे, आणि अखेरच्या दुःस्वप्नात त्या साऱ्या कथा एकमेकींत मिसळतात. ज्यांची कथा प्रेक्षकाने पाहिलीच नाही, ती माणसे तिथे आली की गोंधळ होणारच.

शिवाय गोल्फची कथा कुठे येते, तेही पाहा. तिच्या आधी आरशाची कथा आहे आणि नंतर बोलका बाहुला खेळवणाऱ्या शब्दभ्रमकाराची. आमच्याकडे रात्रीची लाईट असली की केळीला पाणी भरायला गेलेले लोक बांधावर बसून मुंजाच्या आणि चकव्याच्या गोष्टी सांगतात. दोन गोष्टींनी सगळे गप्प झाले की एखादे नाना हसवणारी गोष्ट काढतात, आणि माणसे सैलावली की त्यानंतरची गोष्ट खोलवर लागते. अर्धवटरावांवर हसत मोठे झालेल्या आपल्यासारख्यांना कॅव्हलकँटी यांनी दिग्दर्शित केलेला तो बाहुला नीट भिववायचा असेल, तर आधीचे हसू हवेच.

पांझराकाठ (धुळे):
या चित्रपटापुरते सातपुडा यांचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे, पण तो नियम सरसकट लावता येणार नाही. सत्यजित राय यांच्या १९६१ च्या ‘तीन कन्या’मधली ‘मणिहारा’ ही भुताची कथा परदेशी प्रदर्शनात नव्हती, तरीही उरलेल्या दोन कथा स्वतंत्रपणे उभ्या राहिल्या, कारण त्यांना बांधणारी चौकट नव्हती. ‘घोस्ट स्टोरीज’लाही ती नाही, म्हणून बॅनर्जींची कथा एकटी दाखवण्यात मला गैर वाटत नाही. जपानी दिग्दर्शक कोबायाशी यांच्या १९६४ च्या ‘क्वायदान’ या भयकथासंग्रहाचे उदाहरण अधिक दुखावणारे आहे. तीन तासांहून लांब असलेला तो चित्रपट आटोपता करण्यासाठी अमेरिकेत हिमस्त्रीची कथा काढली गेली. अर्थ बिघडला नसेल, पण त्या कथेतले आकाशात रंगवलेले डोळे प्रेक्षकांना दिसलेच नाहीत. लांबी हे कथा कापण्याचे कारण होऊ नये.

तापीकाठ (भुसावळ):
दोघांचेही मनापासून आभार. चित्रपट अखंड दाखवू. चहासाठी मध्यंतर आरशाच्या कथेनंतर ठरवले होते. तेही आता रद्द करतो आणि चहा आधीच देतो.