बढती घेतलीत की आहे तिथेच राहिलात? अनुभव सांगा

शुक्रवारपर्यंत मला हो किंवा नाही सांगायचं आहे, म्हणून हा धागा.

११ वर्षं मी एकच काम करतोय. आलेली कागदपत्रं तपासायची, चूक असेल तर शेरा मारून परत पाठवायची, नसेल तर पुढे सरकवायची. हात इतका बसलाय की दिवसाचं काम दुपारी दोनला संपतं. मग एक तक्ता उघडून बसायचं आणि मागून कोणी गेलं की उगाच वर-खाली करायचं. (या कलेत मी आता पारंगत आहे.) परवा स्वतःचाच जुना शेरा वाचनात आला. त्या दिवशी सकाळी मारलेल्या शेऱ्याशी तो शब्दन् शब्द जुळत होता, तारीख तेवढी ४ वर्षांपूर्वीची.

आता आमच्या विभागप्रमुख मॅडम दुसरीकडे चालल्यात आणि त्यांची खुर्ची मला देऊ केली आहे. हाताखाली १४ माणसं, पगारात बरी वाढ, आणि रात्रीही फोन चालू ठेवायचा. मॅडमना गेल्या दोन वर्षांत मी स्वस्थ बसलेलं पाहिलेलं नाही.

सल्ले घरी भरपूर मिळतायत. मला अनुभव हवेत. बढती घेतलेल्यांचे, नाकारलेल्यांचे, घेऊन पुन्हा खाली आलेल्यांचे. ‘धोका पत्करल्याशिवाय काही मिळत नाही’ छापाचं कृपया लिहू नका. ते आमच्या भिंतींनाही पाठ झालंय.

*

मी दोनदा नाही म्हटलं. पगारपत्रकं करायचो. महिनाअखेरीचे चार दिवस धावपळ, बाकी महिना निवांत. ‘कशाला डोक्याला ताप’ हे माझं ठरलेलं उत्तर, आणि खोटं कशाला बोलू, ती वर्षं मजेत गेली. मुलांच्या शाळेतला एकही कार्यक्रम चुकला नाही.

मग नवी प्रणाली आली आणि तिघांचं काम एकाच्या हातात आलं. तो एक मी नव्हतो. वयाच्या ४६व्या वर्षी मुलाखतीला बसलो. समोरच्या मुलीने अगदी सभ्यपणे विचारलं, “गेल्या तीन वर्षांत नवीन काय शिकलात?” मी तिच्याकडे बघत राहिलो. शेवटी तिनेच पाण्याचा ग्लास पुढे केला.

सोपी नोकरी वाईट असं मी म्हणत नाही. पण ती सुरक्षित असते असं मी धरून चाललो होतो, ते चुकलं. रिकामे दिवस मिळत होते तेव्हा त्यातला एखादा जरी शिकण्यात घातला असता तर त्या प्रश्नाला काहीतरी उत्तर असतं.

*

माझं उलट झालं. मी उत्तम प्रोग्रामर होतो, म्हणून मला टीम लीड केलं. उत्तम आचारी आहे म्हणून त्याला गल्ल्यावर बसवावं, तसलाच प्रकार. पहिल्या महिन्यातच कळलं की मी ज्यात चांगला आहे ते काम आता माझं नाही. माझं काम म्हणजे अर्ध्या अर्ध्या तासाच्या मीटिंगा, दोघांमधली भांडणं, आणि ज्याच्यासोबत सहा वर्षं शेजारी बसलो त्याला ‘तुझं काम अपेक्षेपेक्षा कमी पडतंय’ हे तोंडावर सांगणं. ते वाक्य मी आरशासमोर म्हणून पाहिलं होतं. प्रत्यक्षात पहिल्या तीन शब्दांनंतर आवाजच बसला.

रात्री सगळे झोपले की मी गुपचूप एखादा बग सोडवायला घ्यायचो. जो ज्युनियरला द्यायला हवा होता, तोच. दिवसातला तेवढाच तास मी सुखात असायचो. यावरून काय ते समजा.

याला ‘पीटर तत्त्व’ म्हणतात, हे नंतर कळलं. माणूस चांगलं काम करतो म्हणून वर वर चढतो आणि जे जमत नाही त्या पायरीवर जाऊन अडकतो. लॉरेन्स पीटर यांनी १९६९मध्ये ते निम्मं थट्टेत मांडलं होतं. पण २०१९मध्ये तीन अर्थतज्ज्ञांनी १३१ कंपन्यांतल्या विक्री कर्मचाऱ्यांची आकडेवारी तपासली, तर थट्टा खरी निघाली. सर्वांत जास्त विक्री करणाऱ्यांना बढती मिळण्याची शक्यता जास्त, आणि असे लोक साहेब झाले की त्यांच्या हाताखालच्यांची कामगिरी उलट घसरते. म्हणजे एक चांगला विक्रेता गमावायचा आणि एक कच्चा साहेब मिळवायचा.

१४ महिन्यांनी मी परत खाली आलो. लाज वाटेल असं वाटलं होतं. आठवडाभर वाटली. नंतर कोणाच्या लक्षातही राहिलं नाही.

*

मी नर्स आहे. आता वॉर्डची इन्चार्ज. ‘बढती म्हणजे ताण’ हे तुम्ही सगळे गृहीतच धरून चाललाय, म्हणून लिहितेय.

स्टाफ नर्स होते तेव्हा काम माझ्या हातचं होतं. इंजेक्शनं, ड्रेसिंग, सलाइन, सगळं डोळे मिटून व्हायचं. पण माझी ड्युटी कधी लागणार हे मला गुरुवारी संध्याकाळी भिंतीवर चिकटवलेल्या कागदावरून कळायचं. सलग सहा रात्री लागल्या तरी बोलायची सोय नाही. बहिणीचं बाळंतपण आलं, रजा मागितली, तर ‘बघू’. त्या ‘बघू’ने माझी जेवढी झोप खाल्ली तेवढी आज २२ जणींची जबाबदारी खात नाही.

आता तो कागद मी करते. पेन्सिलीने. खोडरबर झिजून वाटाण्याएवढा झालाय, कारण रोज कोणीतरी येतं, “सिस्टर, माझी शनिवारची रात्र बदलून द्या ना.” डोकं उठतं. वरून डॉक्टर ओरडतात, खालून नातेवाईक. मला ताण नाही असं कोण म्हणेल? पण काय हलवायचं आणि काय नाही, हे माझ्या हातात आहे.

आमच्या प्रशिक्षणात रॉबर्ट कारासेक यांची १९७९ची मांडणी शिकवली होती. कामाचा बोजा आणि कामावरचा ताबा या दोन वेगळ्या गोष्टी. बोजा जास्त आणि ताबा कमी, तिथे माणूस पिचतो. दोन्ही जास्त असतील तर तो दमतो, पण शिकतो. आणि दोन्ही कमी असतील तर हळूहळू आहे तेही विसरतो (वर पगारपत्रकवाल्या दादांनी लिहिलंय तेच). लंडनच्या सरकारी नोकरांचा व्हाइटहॉल अभ्यासही तेव्हाच ऐकला. हृदयविकाराने मरण्याचं प्रमाण साहेबांपेक्षा सर्वांत खालच्या श्रेणीतल्यांत जास्त निघालं, आणि धूम्रपानासारख्या सवयींनी तो फरक पुरता उलगडला नाही. १९८५पासून दहा हजारांवर लोकांचा दुसरा अभ्यास सुरू झाला, त्यात ‘कामावर ताबा नसणं’ हे एक कारण म्हणून पुढे आलं. हे ऐकताना मला तो भिंतीवरचा कागदच दिसत होता.

धागाकर्त्याला माझा एकच प्रश्न: त्या १४ जणांच्या रजा मंजूर करायचा अधिकार तुम्हाला मिळणार, की नुसत्या त्यांच्या तक्रारी?

*

मी नाही म्हटलं. वडिलांना विस्मरणाचा आजार होता. पाचला उठून घरी जाता येईल अशी नोकरी हवी होती, ती होती. वडील गेले त्याला आता दोन वर्षं झाली. पाचला उठायची घाई उरलेली नाही, आणि मला पुन्हा कोणी विचारलेलंही नाही. तरी तेव्हाचं उत्तर आजही तेच दिलं असतं.

*

‘सोपी नोकरी धरायची आणि उरलेल्या वेळात आपलं आवडीचं करायचं’ या बेताबद्दल. माझाही तोच बेत होता. दिवसा गोदामाच्या नोंदी, संध्याकाळी कथा. उदाहरणही तयार होतं: आइन्स्टाइन बर्नच्या पेटंट कार्यालयात १९०२पासून नोकरीला होता आणि १९०५चे ते गाजलेले निबंध त्याने तिथे असतानाच लिहिले. एक गंमत सांगतो. १९०४मध्ये त्याला कायम केलं, पण बढती रोखली, का तर यंत्रविद्येत अजून पुरता तयार झालेला नाही. तृतीय श्रेणीतून द्वितीय श्रेणीत तो गेला १९०६मध्ये. म्हणजे तो जगप्रसिद्ध पराक्रम तृतीय श्रेणीतला. हे मी ऑफिसात इतक्यांदा सांगितलंय की लोक मला बघून चहाला पळतात.

अडचण एवढीच की मी आइन्स्टाइन नाही. आठ तास कंटाळून घरी आलो की लिहायला बसायचं त्राण नसायचं. कंटाळ्याचा थकवा हा कामाच्या थकव्यापेक्षा चिवट असतो, झोपून जात नाही. २०१४चा व्हर्जिनिया विद्यापीठाचा एक प्रयोग आहे. लोकांना १५ मिनिटं रिकाम्या खोलीत नुसतं विचार करत बसवलं. करमणुकीला काही नाही, फक्त विजेचा झटका देणारं एक बटण. १८ पुरुषांपैकी १२ जणांनी आणि २४ बायकांपैकी ६ जणींनी स्वतःला झटका दिला. एका दुपारी मीही नीट लागलेली यादी मुद्दाम उलटी लावून पुन्हा सुलटी लावली होती. माझं बटण ते.

सहा वर्षांत चार कथा झाल्या. नंतर जबाबदारीचं पद घेतलं, आता वर्षाला एक होते. हिशेब फारसा बिघडलेला नाही!

*

एक मुद्दा कोणीच काढला नाही, म्हणून मी काढते. तुम्ही नाही म्हटलंत तर ती खुर्ची रिकामी राहणार नाही.

मी नाही म्हटलं आणि ती माझ्याच हाताखाली शिकलेल्या मुलाला मिळाली. ज्याला मी फाइल कुठे ठेवायची ते दाखवलं होतं, तो. मुलगा वाईट नव्हता, पण घाबरलेला होता, आणि घाबरलेला साहेब प्रत्येक गोष्ट लेखी मागतो. १० वर्षांत पहिल्यांदा मला अर्ध्या दिवसाच्या रजेचं कारण लिहून द्यावं लागलं. ‘वैयक्तिक’ लिहिलं तर परत आला: “ताई, जरा सविस्तर लिहाल का?” त्या दिवसापासून माझी सोपी नोकरी सोपी राहिली नाही. काम तेच होतं.

*

पाच वर्षं क्षेत्रीय व्यवस्थापक. टार्गेट दर तिमाहीला वर. सुरुवातीला नशाच होती, कबूल करतो. नंतर रविवारी दुपारी चारपासून पोटात गोळा यायला लागला. मी त्याला पित्त म्हणायचो. एकदा मुलीने चित्र दाखवायला आणलं, मी न बघताच “छान” म्हणालो. कागद कोरा होता. ती मला तपासत होती.

डॉक्टरांनी विश्रांती सांगितली. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या वर्गीकरणात बर्नआउटची नोंद आहे, पण आजार म्हणून नाही, तर नोकरीशी निगडित स्थिती म्हणून. तीन लक्षणं: शक्ती संपणं, कामाबद्दल तुटलेपण किंवा कडवटपणा, आणि आपल्याच्याने आता काही होत नाही असं वाटणं. माझ्यात तिन्ही होती. हे वाचलं तेव्हा बरं वाटलं. आपण आळशी झालो असं मी समजत होतो.

पद सोडलं, पगार घटला, घरात बोलणी खाल्ली. मुलगी आता १३ वर्षांची आहे आणि चित्रं दाखवत नाही. तो भाग नोकरी सोडून भरून आलेला नाही.

*

मी दोन गोष्टी केल्या, त्या कामाच्या वाटतील म्हणून लिहिते.

एक: जे पद मिळणार होतं त्या बाईंच्या शेजारी दोन दिवस बसले. निमित्त ‘काम समजून घेते’. वहीत दर तासाला काय चाललंय ते लिहिलं. ‘नेतृत्व’, ‘धोरण’ असले शब्द जाहिरातीत होते. वहीत आलं ते असं: फोन, फोन, एकाची समजूत, त्याच तक्त्यात तिसऱ्यांदा दुरुस्ती, फोन. गंमत म्हणजे मला समजूत घालणं आवडतं आणि तक्ते अजिबात आवडत नाहीत. मग तक्त्यांसाठी एक माणूस मागितला. मिळाला, आठवड्याचे तीन दिवस.

दोन: सरळ बढती न घेता सहा महिने प्रभारी म्हणून बसले, आणि न जमल्यास मूळ जागी परत, हे लेखी घेतलं. तोंडी घेऊ नका. शब्द देणारा साहेब बदलून जातो आणि नव्याला काही आठवत नसतं.

परत जायची वेळ आली नाही. पण तो कागद खणात होता, त्या जोरावर पहिले दोन महिने निघाले.

*

धागाकर्ता पुन्हा.

सगळं वाचलं, काही दोनदा. काल मॅडमना विचारलं, “तुमचा एक आठवडा बघू का?” त्यांनी काही न बोलता स्क्रीन माझ्याकडे वळवला. सोमवार ते शुक्रवार रंगीत चौकटी, एकीला एक चिकटून. मंगळवारी दुपारी अर्धा तास ‘जेवण’ असं लिहिलेलं होतं आणि त्याच्यावरच दोन मीटिंगा चढवलेल्या. “हे लिहून ठेवते,” त्या म्हणाल्या, “निदान दिसतं तरी.”

मग सिस्टरांचा प्रश्न विचारला. रजा मंजूर करायचा अधिकार आहे. माणूस निवडायचा नाही, काढायचा नाही, कामाची वाटणी मात्र पूर्ण आपल्या हातात. हे सांगताना मॅडमचा चेहरा पहिल्यांदा जरा खुलला. त्या वाटणीबद्दल वीस मिनिटं बोलत होत्या, कोणाला काय दिलं की काम पळतं. मलाही तीन-चार गोष्टी सुचल्या, त्या बोललोही. घड्याळाकडे लक्ष गेलं तेव्हा साडेचार वाजले होते, आणि दोननंतरचा वेळ कधी गेला ते कळलं नव्हतं.

आज सकाळी अर्ज दिला. सहा महिने प्रभारी, आणि मूळ जागेवर परत यायची सोय लेखी. “असं कधी केलेलं नाही, विचारून सांगतो,” असं उत्तर मिळालंय. शुक्रवारची मुदत सोमवारपर्यंत वाढली आहे.

आता दोन वाजून दहा मिनिटं झालीत. काम संपलंय. समोर तो तक्ता उघडा आहे.